लष्कर आणि स्थानिक माणूस : ओळख चुकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवानाने साध्या माणसाला चुकून शत्रू समजण्याबद्दलचे हे प्रश्न इंदूर-महू पट्ट्यातल्या मराठी घरांतून पुन्हा पुन्हा येतात. कुणाचा मुलगा महार रेजिमेंटमध्ये आहे, कुणाचं शेत फायरिंग रेंजला लागून आहे, कुणी उन्हाळ्यात गाडी घेऊन काश्मीरला निघालं आहे. उत्तरं जवानाच्या आणि गावकऱ्याच्या, दोघांच्याही कामी यावीत अशी लिहिली आहेत.

हा विषय काश्मीर-नागालँडचा. इंदूरशी त्याचा काय संबंध?

महूची छावणी १८१८ च्या मंदसौर तहानंतर वसली. आज तिथे इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि सिग्नल्सचं प्रशिक्षण देणारं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आहे. काश्मीरमध्ये किंवा मणिपूरमध्ये रात्री नाका लावणारा तरुण अधिकारी इथूनच शिकून गेलेला असतो. इथल्या वर्गात कशावर किती वेळ दिला जातो, त्याचा परिणाम हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या एखाद्या गावात दिसतो.

चुकून मारला जाणं आणि खोटी चकमक, हे एकच का?

नाही, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. १८ जुलै २०२० रोजी शोपियां जिल्ह्यातल्या अमशीपुऱ्यात राजौरीचे तीन मजूर मारले गेले. पोलिसांच्या आरोपपत्रात तो कट होता. लष्करानेही कोर्ट मार्शल करून कॅप्टनला दोषी ठरवलं, नंतर लष्करी न्यायाधिकरणाने त्याची शिक्षा स्थगित केली. अशा प्रकरणाला ‘ओळख चुकली’ म्हणणं मेलेल्यांवर अन्याय आहे, आणि जे जवान खरोखर चुकतात त्यांच्यावरही. या पानावर आपण फक्त खऱ्या चुकीबद्दल बोलतो आहोत: समोरचा शत्रू आहे असं मनापासून वाटलं, आणि तो तसा नव्हता.

ही चूक नेमकी कोणत्या क्षणी होते?

बहुतेक लोक ट्रिगर दाबला तो क्षण धरतात. आमच्या मते तोवर चूक होऊन काही तास उलटलेले असतात. ‘हा कोण?’ या प्रश्नाचं उत्तर तळावरच ठरवून जवानांची टोळी बाहेर पडते. मग डोळ्यांना जे दिसेल ते त्या उत्तरात बसवलं जातं.

ओटिंगचं प्रकरण बघा. ४ डिसेंबर २०२१, शनिवार. नागालँडच्या मोन जिल्ह्यात तिरूच्या कोळसा खाणीत काम करणारे ओटिंग गावचे मजूर पिकअपने घरी निघाले होते. दुसऱ्या दिवशी रविवार, चर्चचा दिवस. म्हणून आठवड्याचं काम आटोपून शनिवारी संध्याकाळी गावी परतायचं, हा त्यांचा नेहमीचा क्रम. बंडखोर त्या रस्त्याने जाणार असल्याच्या इनपुटवरून लष्कराच्या विशेष पथकाने तिथेच अँबुश लावला होता, म्हणजे दबा धरला होता. डिसेंबरात त्या भागात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडही संपत आलेला. गाडीतले आठपैकी सहा जण ठार झाले. ‘गाडीला थांबण्याचा इशारा दिला, ती वेगाने पुढे गेली’ असं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. बचावलेल्या मजुराने असा इशारा मिळाल्याचं नाकारलं. नागालँड पोलिसांच्या विशेष तपास पथकाने ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं आणि ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही असा निष्कर्ष काढला.

इनपुट खरं होतं की खोटं, हा वाद बाजूला ठेवू. ‘शनिवारी संध्याकाळी या रस्त्याने आणखी कोण जातं?’ एवढं गावबुऱ्याला (गावच्या प्रमुखाला), खाणीवरच्या मुकादमाला किंवा जवळच्या ठाण्यातल्या हवालदाराला विचारलं असतं, तरी उत्तर मिळण्यासारखं होतं. गुप्तता फुटेल म्हणून विचारत नाहीत, ही भीती खरी आहे. पण हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नसतो. त्या भागात तैनाती झाल्यावर पहिल्या महिन्यातच गावागावाचा आठवडा वहीत उतरवून ठेवायचा असतो: बाजाराचा वार, खाणीची पाळी, शाळा सुटण्याची वेळ, प्रार्थनेचा दिवस. मग अँबुशच्या आधी कुणालाच काही विचारावं लागत नाही.

ड्रोन आणि रात्री दिसणारे कॅमेरे आल्यावर चुका कमी व्हायला हव्या होत्या ना?

काही ठिकाणी झाल्या. पण यंत्र आकार दाखवतं, हेतू दाखवत नाही.

काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या कोरोला गाडीवर क्षेपणास्त्र टाकलं. त्याआधी त्या गाडीवर सुमारे आठ तास नजर होती. गाडी चालवणारा माणूस एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता. गाडीत पाण्याचे कॅन चढवले जात होते, ते स्फोटकं म्हणून वाचले गेले. दहा जण मेले, त्यांत सात मुलं. १७ सप्टेंबरला अमेरिकी सेनेने ती भीषण चूक असल्याचं मान्य केलं. आधीच ठरवलेल्या समजुतीला पुष्टी शोधत जाण्याचा दोष त्यांच्याच चौकशीत नोंदला गेला. आठ तास पाहिल्याने खात्री वाढली, ज्ञान वाढलं नाही. कारण एक प्रश्न कुणी धरून ठेवला नव्हता: हा साधा माणूस असता, तर त्याचा दिवस याहून वेगळा दिसला असता का?

यंत्राचा आकडा बरोबर असूनही माणूस उलटं वाचतो, हेही घडलं आहे. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौका विन्सेन्सने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० जण गेले. विमान वर चढत होतं आणि नौकेच्या यंत्रणेतही तशीच नोंद होती. नौकेवरच्या काहींनी मात्र ते आपल्याकडे खाली झेपावतंय असं सांगितलं, कारण ते लढाऊ विमान आहे असं आधीच ठरलं होतं.

थर्मल कॅमेऱ्यात उष्णता दिसते, कपडे किंवा चेहरा ओळखू येत नाही. नाइट व्हिजनमध्ये सगळं एकाच रंगात, खोलीचा अंदाज कमी, आणि बघण्याचा कोन साधारण ४० अंशांचा. बाजूला काय चाललंय ते मान वळवल्याशिवाय कळत नाही. खांद्यावरचं फावडं, नळीचा तुकडा, मिटलेली छत्री आणि रायफल यांच्यात फरक करायचा तर वेळ लागतो, आणि तो वेळ मिळावा अशी जागा आधीच निवडावी लागते.

संशयास्पद हालचालीच्या खुणा शिकवल्या जातात. त्यांवर विसंबलं तर काय बिघडतं?

हिशोब करून बघा. समजा, एका रस्त्यावरून दिवसाला १,००० गाड्या जातात आणि त्यांतली एक अतिरेक्यांची आहे. तुमची खूण १०० पैकी ९५ वेळा बरोबर ठरते असं धरू. इतकी पक्की खूण प्रत्यक्षात नसतेच. उरलेल्या ९९९ निर्दोष गाड्यांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० गाड्या त्या खुणेत अडकतील. म्हणजे थांबवलेल्या ५१ गाड्यांत दोषी एक. खुणेवरून गाडी थांबवणं योग्य, गोळी चालवणं चूक, ते या आकड्यांमुळे.

बडगाममधल्या छत्तरगाममध्ये ३ नोव्हेंबर २०१४ रोजी असंच झालं. माहिती होती पांढऱ्या गाडीची. पांढरी मारुती आली, नाक्यांवर थांबली नाही असं सांगितलं गेलं, गोळीबारात दोन तरुण गेले. उत्तर कमांडचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा यांनी चार दिवसांत चूक कबूल केली. पांढरी मारुती ही काश्मीरमध्ये काय आणि आपल्या राजवाड्यासमोर काय, ओळख पटवणारी खूणच नव्हे.

दुसरी अडचण अशी, की एका मुलखातली संशयाची खूण दुसऱ्या मुलखात रोजचं जगणं असतं. काश्मीरमध्ये थंडीत माणूस फेरनच्या, म्हणजे सैल लांब अंगरख्याच्या आत दोन्ही हातांनी कांगडी (निखाऱ्याची शेगडी) धरून चालतो: हात दिसत नाहीत, पोटाशी फुगवटा, आणि थर्मलमध्ये पोटावर गरम ठिपका. ‘हात दाखव’ ऐकल्यावर निखाऱ्याचं भांडं सांभाळत हात बाहेर काढायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. बकरवाल, म्हणजे तिथले भटके मेंढपाळ, वसंतात कळप घेऊन वर चढतात, शरदात उतरतात. दाढी, पठाणी कपडे, काठी, कुऱ्हाड, आणि वस्तीपासून लांब ढोकमध्ये (डोंगरातल्या झोपडीत) मुक्काम. मोन जिल्ह्यात दाव (मोठा कोयता) कमरेला असतोच आणि शिकारीची ठासणीची बंदूकही नवलाची नाही. तिथले कोन्याक लोक ती स्वतः बनवत आले आहेत. बस्तरमध्ये मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला लोक पहाटेच्या अंधारात जंगलात जातात आणि झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. हे ठाऊक नसलेल्या पथकाला तिथे आग आणि हलणाऱ्या सावल्या दिसतात.

बस्तरमध्येच २०१२ मध्ये सारकेगुडा आणि २०१३ मध्ये एडसमेटा इथे बीजपंडुमच्या, म्हणजे पेरणीच्या सणाच्या निमित्ताने रात्री जमलेल्या गावकऱ्यांवर निमलष्करी दलांनी गोळीबार केला. सारकेगुड्यात १७ आणि एडसमेट्यात ८ गावकरी मेले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अगरवाल यांनी दोन्हींची चौकशी केली. मेलेले माओवादी असल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि एडसमेट्यात जवानांनी घाबरून गोळ्या चालवल्या असाव्यात, असं अहवालात आलं. तिथे मेलेला जवानही आपल्याच लोकांच्या गोळीने गेला असण्याची शक्यता पुढे आली.

‘इशारा दिला तरी गाडी थांबली नाही’ हे प्रत्येक वेळी खोटं असतं का?

नाही, बऱ्याचदा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. चालकाने काही पाहून ब्रेकवर पाय ठेवायला दीड ते दोन सेकंद जातात, तेवढ्यात गाडी २५ ते ३३ मीटर पुढे आलेली असते. कोरड्या डांबरावर नीट ब्रेक असलेली गाडी त्यापुढे साधारण २५ मीटरमध्ये थांबते. एकूण ५० ते ६० मीटर. खडीवर, ओल्या रस्त्यावर, भरलेल्या पिकअपला हाच आकडा ८० च्या आसपास जातो. आता वळणानंतर ४० मीटरवर नाका असेल, तर चालकाने जीव तोडून ब्रेक दाबला तरी गाडी नाक्यात घुसणारच. जवानाला दिसतं, ‘ती थांबली नाही’.

इशाऱ्याची गोळीही तशीच उलटते. काचा वर, डिझेल इंजिनचा आवाज, गाणी चालू. आत बसलेल्याला ती कुठून आली ते कळत नाही. कुणीतरी आपल्यावर गोळ्या झाडतंय एवढंच कळतं, आणि तो निसटण्यासाठी वेग वाढवतो. हातवाऱ्यांचंही तेच. इराकमध्ये अमेरिकी सैनिक मूठ उंचावून ‘थांब’ सांगायचे, इराकी चालकांना ती खूण तशी कळत नसे.

म्हणून नाका मांडताना: वळणापासून किमान १५० ते २०० मीटर सरळ रस्ता ठेवा. पहिली पाटी २०० मीटरवर, दुसरी १०० मीटरवर, स्थानिक लिपीत आणि चित्रासह. दोन्हींच्या मध्ये स्पीडब्रेकर. त्यापुढे ड्रम किंवा दगड नागमोडी लावा, म्हणजे कुठलीही गाडी ताशी २० च्या वर राहूच शकणार नाही. उजेड पाटीवर आणि थांबण्याच्या रेषेवर पडावा, चालकाच्या डोळ्यांत नको. डोळे दिपलेला चालक रेषा ओलांडतो. थांबवणाऱ्या जवानाला चकाकणारा पट्टा घाला आणि आड असलेल्यांपासून वेगळा उभा करा. काटेरी पट्टा तयार ठेवा. गाडी टायर फुटून थांबली, तर विचारपूस करायला सगळे जिवंत असतात. घाईत लावलेल्या फिरत्या नाक्यात हे सारं जमत नाही, आणि घाईतले नाकेच जास्त जीव घेतात. तिथे निदान जागा निवडण्यात घाई करू नये. चढावर लावला तर अर्धं काम चढच करतो.

जवानाच्या जिवाचं काय? त्यानं किती थांबायचं?

त्याची भीती खरी आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात स्फोटकांनी भरलेली गाडी ताफ्यावर आदळली आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. अतिरेकी लष्कराचा गणवेश घालून आले आहेत, इतरांची गाडी बळकावून आले आहेत. ज्याचा सोबती मागच्या आठवड्यात गेला त्याला ‘संयम ठेव’ एवढंच सांगणं निरुपयोगी आहे.

त्याला संयम परवडेल अशी मांडणी करून देणं हे वरच्यांचं काम. वाळूच्या पोत्यांमागे उभा असलेला, छातीवर जाकीट घातलेला, १०० मीटरवरून गाडी दिसणारा जवान सहा सेकंद थांबू शकतो. उघड्या रस्त्यावर, १८ तास न झोपलेला, ३० मीटरवर एकदम दिवे दिसलेला थांबू शकत नाही. दोघांची ट्रेनिंग तीच असते. ड्यूटीची पाळी, झोप, आडोसा आणि अंतर या चार गोष्टींची नोंद चौकशीत पहिल्या पानावर यायला हवी. ती अनेकदा येतच नाही, आणि सगळा दोष शेवटच्या माणसावर जातो.

अँबुश किंवा कॉर्डनला (वेढा घालायला) निघण्याआधी टोळीप्रमुखाने काय विचारावं?

सगळ्यात आधी, सोर्सने (खबऱ्याने) स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि किती तासांपूर्वी. ‘पक्की खबर आहे’ हे उत्तर मानू नये. दोन सोर्स एकच गोष्ट सांगत असतील, तर दोघांनी ती एकाच तिसऱ्याकडून ऐकली नाही ना, तेही बघावं. गावातलं भाऊबंदकीचं भांडण मिटवायला लष्कराला खबर देणारे असतात.

मग त्या वाटेचा आजचा दिवस. वार कोणता, सण आहे का, खाण किंवा शाळा कधी सुटते, लग्नाचं वऱ्हाड आहे का.

मग आपली माणसं: पोलीस, जंगल खात्याचे रक्षक, शेजारच्या युनिटची गस्त, गावरक्षक. हे सगळे शस्त्रासह फिरतात.

चौथा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो: काय दिसलं तर आपण आजची कारवाई सोडून देऊ? हे निघण्याआधी कागदावर लिहावं. गाडीत बाई किंवा मूल दिसलं, माणसं मोठ्याने गात-बोलत येत आहेत, दिवे लावून उघड्या रस्त्याने येत आहेत, अपेक्षेपेक्षा संख्या दुप्पट आहे. लिहिलेलं असलं की अंधारात कुणालाही ‘सर, तीन नंबर’ म्हणता येतं. नाहीतर साहेबाच्या खात्रीपुढे लान्स नाईक गप्प बसतो. टोळीतल्या एका जुन्या हवालदारावर उलट बाजू मांडण्याचीच जबाबदारी टाकावी आणि त्याचं म्हणणं डायरीत नोंदवावं.

शेवटी, थांबवणारे आधी आणि गोळी चालवणारे मागे, अशी रचना आहे का? फक्त मारण्यासाठी लावलेल्या अँबुशमध्ये ओळख पटवायला जागाच उरत नाही.

आम्ही गाडीने काश्मीरला किंवा ईशान्येला चाललो आहोत. नाक्यावर काय करायचं?

पाटी दिसताच वेग ताशी २० वर आणा. रात्री हेडलाइट डिपरवर, जवळ गेल्यावर फक्त पार्किंगचे दिवे, आणि गाडीच्या आतला दिवा लावा. काचा खाली, गाणी बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर आधी तोंडाने सांगा, मग हात न्या. रांग मोडून पुढे जाऊ नका आणि नाका पाहून गाडी वळवू नका. विसरलेलं सामान आणायला जरी परत फिरलात तरी लांबून ते पळणंच दिसतं. मोबाइल हातात धरून चित्रीकरण नको. लष्करी ताफ्याच्या मधे घुसू नका, त्याला ओव्हरटेक करू नका. स्त्रियांची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायची असते. तसं शांतपणे सांगा. संध्याकाळनंतर अनोळखी आडरस्ता टाळा, गूगलने तो अर्ध्या तासाने जवळचा दाखवला तरी.

शंका असेल तर कायदा कुणाच्या बाजूने आहे?

जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराचं (प्रोटोकॉलचं) कलम ५० सांगतं, की माणूस नागरिक आहे की नाही याची शंका असेल तर तो नागरिक मानावा. भारताने तो पूरक करार स्वीकारलेला नाही. १९४९ चे मूळ करार स्वीकारले आहेत. देशातल्या कारवाईला अर्थात आपला स्वतःचा कायदा लागतो. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा १९५८ चं कलम ४ अशांत घोषित भागात गोळीबाराची मुभा देतं, पण योग्य तो इशारा देऊन, आणि जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश मोडणाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा कायदा वैध ठरवला, त्याचबरोबर लष्कराच्या ‘काय करावं, काय करू नये’ या सूचना बंधनकारक केल्या. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं, की बंदी असलेल्या भागात हातात शस्त्र दिसलं एवढ्यावरून कुणी शत्रू ठरत नाही.

‘चूक झाली’ म्हटलं की सुटका होते का?

भारतीय न्याय संहितेची कलमं १४ आणि १७ वस्तुस्थितीच्या चुकीचा बचाव देतात (जुन्या दंडसंहितेत ७६ आणि ७९). पण तो बचाव सद्भावनेने वागलेल्याला आहे, आणि योग्य काळजी व लक्ष न देता केलेलं काहीही सद्भावनेने केलेलं मानलं जात नाही, अशी व्याख्या त्याच कायद्यात आहे. सगळा वाद या ‘योग्य काळजी’वर येऊन थांबतो. १९५८ मध्ये ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या एका सोडून दिलेल्या विमानतळावर एका माणसाने रात्री कंदील घेऊन मोह वेचणाऱ्या आदिवासी बायकांना भुतं समजून खुकरीचे वार केले. एक बाई मेली. त्याच्याजवळ टॉर्च होता, तो लावून बघायला हवं होतं, असं सरकारचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि तो सुटला. भुताला घाबरलेल्या साध्या माणसाला जी सवलत मिळाली, ती प्रशिक्षण घेतलेल्या, आधीपासून तयारी करून बसलेल्या पथकाला त्याच मापाने मिळावी, असं आम्हाला वाटत नाही. तिथे टॉर्च लावणं हेच तर काम आहे.

प्रत्यक्षात खटला तिथवर पोचतच नाही. १९५८ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार केंद्र सरकारची परवानगी लागते. ओटिंगमध्ये ती नाकारली गेली आणि १७ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कार्यवाही बंद केली. पुढे परवानगी मिळाली तर खटला चालू शकतो आणि लष्कर स्वतः शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, एवढं खुलं ठेवलं.

चूक झाल्याचं लक्षात आल्यावर पहिल्या तासात काय व्हायला हवं?

गोळीबार बंद, जखमींना उपचार, ठाण्याला आणि गावच्या मुख्य माणसाला निरोप, मृतदेह जागेवर. ओटिंगमध्ये पहिले सहा गेल्यावर शोधायला आलेल्या गावकऱ्यांना मृतदेह लष्कराच्या गाडीत सापडले. ते लपवून नेत आहेत असं वाटून जमाव उसळला, त्या झटापटीत आणखी सात गावकरी आणि एक जवान मेला, दुसऱ्या दिवशी मोनमध्ये अजून एक नागरिक. निम्म्याहून जास्त मृत्यू पहिल्या चुकीनंतरचे आहेत. कंपनीच्या कमांडरने स्वतः, दुभाषासह, गावात जाऊन सांगणं जोखमीचं असतं. पण बातमी गावाला स्वतः शोधावी लागणं त्याहून घातक ठरतं.

घरचं माणूस ताब्यात घेतलं किंवा मारलं गेलं, तर घरच्यांनी काय करायचं?

ताब्यात घेतलं असेल तर युनिटचं नाव, गाडीचा नंबर, वेळ आणि साक्षीदार लगेच लिहून ठेवा. लष्कराने त्या माणसाला कमीत कमी वेळात जवळच्या ठाण्यात सोपवणं बंधनकारक आहे (१९५८ च्या कायद्याचं कलम ५), आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं हे संविधानाचं कलम २२ सांगतं. म्हणून आधी ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची पोच. उत्तर मिळालं नाही तर उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस) याचिका. तिला कुटुंबातलं कुणीही चालतं.

मृत्यू झाला असेल तर एफआयआरची प्रत, पोस्टमॉर्टेम अहवाल आणि त्याचं चित्रीकरण मागा. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. गाडी असेल तर काचा आणि टायर तसेच राहू द्या. गोळी कुठून आली आणि गाडी चालू होती की उभी, हे त्यांवरूनच ठरतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करा. सशस्त्र दलांविरुद्ध आयोग स्वतः तपास करत नाही. मानवाधिकार संरक्षण कायद्याच्या कलम १९ नुसार केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो. या कलमात केंद्रीय निमलष्करी दलंही येतात. तरीही तक्रार करावी, कारण त्यामुळे केंद्राला लेखी बाजू मांडावी लागते आणि तो कागद पुढे कोर्टात लागतो.

महूच्या फायरिंग रेंजला लागून आमची गुरं चरतात. तिथे कुणी आम्हालाच घुसखोर समजेल का?

फायरिंगच्या तारखा जिल्हा प्रशासन आधी जाहीर करतं आणि गावात मुनादी होते. सरपंच किंवा पटवाऱ्याकडून तारखा घेऊन घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. लाल झेंडा किंवा रात्री लाल दिवा दिसला की आत पाऊल नको. पहारेकऱ्याला अडचणीची असते ती पहाटे, पोतं घेऊन, वाकून चालणारी आकृती; म्हणजे भंगार वेचणारा. हे करूच नका. न फुटलेल्या गोळ्याला जवान ‘ब्लाइंड’ म्हणतात. तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो, आणि पितळेसाठी ठोकताना महूच्या परिसरात माणसं मेली आहेत. दिसला तर हात लावू नका, हलवू नका, लांबवर फांदी किंवा दगडांची खूण करा आणि ११२ ला कळवा.

प्री-वेडिंग शूटिंगसाठी महूकडे ड्रोन उडवला तर चालेल?

आधी डिजिटल स्काय पोर्टलवर नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट परवाना लागत नसला, तरी ही बंदी त्यालाही आहे. हिरवं क्षेत्र असलं तरी छावणीची भिंत, रेंज किंवा अँटेना फ्रेममध्ये येणार असतील तर जागा बदला. पातालपानी-चोरलच्या बाजूलाही नकाशा पाहूनच जा, आणि उडवण्याआधी जवळच्या ठाण्यात तोंडी का होईना कळवून ठेवा.